चिमणी उरते, गिरणी जाते

मुंबईत परळ, लालबाग किंवा लोअर परळ या भागांतून जाणाऱ्याला काचेने मढवलेल्या मनोऱ्यांच्या दाटीत मधूनच एखादी विटांची, वर निमुळती होत गेलेली चिमणी एकटीच उभी असलेली दिसते. तिच्या पायाशी जी गिरणी होती ती नाहीशी झालेली असते. विणण्याचे साचेखाते नाही, कातण्याचे त्रासन खाते नाही, पहाटे साऱ्या वस्तीला उठवणारा भोंगा नाही. वास्तविक पाहता गिरणीच्या सर्व बांधकामांत वाऱ्यापावसाला सर्वांत उघडी आणि ढासळण्याची भीती सर्वांत अधिक अशी वस्तू म्हणजे चिमणीच. शिवाय १९१५ साली खोपोलीची जलविद्युत मुंबईत येऊ लागली तेव्हापासून वाफेच्या इंजिनांचे आणि त्यांच्याबरोबर चिमणीचेही महत्त्व उत्तरोत्तर कमी होत गेले. उलट गिरणीच्या शेडी बुटक्या, रुंद आणि जाड भिंतींच्या. मग जी दुर्बल आणि निरुपयोगी ती राहिली, आणि जी भक्कम व उपयोगी पडण्याजोगी ती गेली, हे कसे?

‘जुनी झाली म्हणून पडली’ हे स्पष्टीकरण दर पावसाळ्यात आपल्या कानांवर येते आणि आपण ते विनातक्रार स्वीकारतो. परंतु केवळ वयाने इमारत पडत नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळ जी इमारत कोसळून ६१ माणसे दगावली ती जेमतेम तीन दशकांची होती; आणि त्याच शहरात शंभर वर्षांहून जुन्या चाळींत आजही दिवे लागतात, चुली पेटतात, गणपती बसतात. इमारत जाते ती पाण्याने, चुकीच्या दुरुस्तीने आणि जमिनीच्या हिशेबाने. आणि या तिहींत हिशेब हा सर्वांत बलवान आहे, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी या इमारती उभ्या कशा राहत होत्या हे पाहिले पाहिजे.

गिरणीची रचना

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापसाच्या पहिल्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला त्या गिरणीतून सूत निघू लागले. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाल्यामुळे मुंबईच्या कापसाच्या व्यापारात अमाप पैसा आला, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरण्यांची रांग उभी राहिली. कोकण आणि घाटावरून आलेल्या लक्षावधी माणसांनी या गिरण्यांभोवती जी वस्ती केली तिलाच आपण गिरणगाव म्हणतो.

गिरणीची इमारत ही नुसती चार भिंती आणि छप्पर नव्हे. तीही एक यंत्रच होती. सूत कातण्याचे खाते अनेक मजल्यांचे असे, कारण कातण्याची यंत्रे तुलनेने सौम्य हादरे देतात आणि एकाच इंजिनाची गती दोरांच्या व पट्ट्यांच्या साह्याने मजल्या-मजल्यांवर वाटून देणे त्यात सोयीचे जाते. विणण्याचे खाते मात्र बहुधा जमिनीवरच, एकमजली, कारण शेकडो साचे एका वेळी धडधडू लागले म्हणजे वरच्या मजल्याच्या तक्तपोशीला ते हादरे सोसवत नाहीत. पण जमिनीवर दोन-तीन एकर पसरलेल्या खोलीच्या मध्यभागी उजेड पोहोचवायचा कसा? बाजूच्या खिडक्यांचा उजेड तेवढा आत जात नाही. म्हणून छप्पर करवतीच्या दात्यांसारखे केले गेले: प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती व कौलांची किंवा पत्र्याची, आणि दुसरी जवळजवळ उभी, काचेची, उत्तरेकडे तोंड केलेली. उत्तर गोलार्धात सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे उत्तरेच्या काचेतून ऊन येत नाही, नुसता समान, सौम्य प्रकाश येतो. त्या प्रकाशात साचेवाल्याला तुटलेला धागा चटकन दिसतो आणि आतील हवा उन्हाने कोरडी पडत नाही. कोरड्या हवेत कापसाचा धागा वरचेवर तुटतो, म्हणून ही खबरदारी. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला सरकतो हे खरे, पण त्यातला पुष्कळसा काळ आकाश ढगांनी झाकलेले असते, त्यामुळे कामाचा खोळंबा होत नाही.

आता या छपराच्या दोन दात्यांमधील खोबणीकडे पाहू. मुंबईचा सारा पाऊस त्या खोबणीत उतरतो. तेथे लोखंडी पन्हळ बसवलेली असते, आणि अशा शेडींच्या बांधणीत अनेकदा छप्पर तोलून धरणारे ओतीव लोखंडाचे खांब पोकळ ठेवून त्यांच्या पोटातूनच पावसाचे पाणी जमिनीखालच्या गटारात सोडण्याची तजवीज केलेली असते. जो खांब भार वाहतो तोच पाणीही वाहतो. ही युक्ती जितकी सुंदर तितकीच निगराणीवर अवलंबून आहे. गिरणी चालू असताना मृगापूर्वी माणसे छपरावर चढून पन्हळी साफ करीत. गिरणी बंद पडली आणि ते चढणे थांबले, की पानांचा, धुळीचा, पक्ष्यांच्या विष्ठेचा थर साचतो, खांबाचे तोंड बुजते, पाणी तुंबते, आणि खांब आतून गंजू लागतो. बाहेरचा रंग जसाच्या तसा असतो. त्याच साचलेल्या मातीत पक्ष्यांनी टाकलेले पिंपळाचे किंवा उंबराचे बी रुजते आणि त्याची मुळे ओल शोधीत भिंतीच्या सांध्यांत शिरतात. बंद गिरणीची छपरे दहा-पंधरा पावसाळ्यांत ‘मोडकळीला’ येतात ती या वाटेने.

चुन्याची भिंत आणि पाण्याचा माठ

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या इमारती सिमेंटच्या नव्हेत, चुन्याच्या आहेत. चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी घातले की तो उकळून फुटतो आणि विरतो. मग त्यात वाळू आणि भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळून घाणीत दळतात. हा मळलेला चुना विटांच्या सांध्यांत बसला की हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा चुनखडीच होतो. ही क्रिया महिनोन्‌महिने, जाड भिंतीत वर्षानुवर्षे चालते. त्यामुळे चुन्याची भिंत थोडी लवचीक असते; पाया किंचित खचला तर ती एका ठिकाणी फाटत नाही, अनेक केसासारख्या बारीक भेगांत तो ताण वाटून घेते, आणि त्या भेगांत पाण्याबरोबर विरघळून आलेला चुना पुन्हा बसून काही भेगा आपोआप बुजतातही.

चुन्याचा दुसरा गुण म्हणजे ओल बाहेर सोडण्याचा. मातीच्या माठाच्या अंगावर जसे पाणी पाझरते आणि उडून जाते, तशी चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत ती सोडून देते. त्या माठाला बाहेरून तेलाचा रंग लावला तर पाणी उडणार नाही, माठ थंडही होणार नाही आणि ओल आतल्या आत कोंडेल. जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करणे म्हणजे नेमके हेच करणे होय. गिलावा टणक आणि दिसायला स्वच्छ असतो. पहिल्या वर्षी सर्वांना समाधान वाटते. पण छपरातून, नळातून किंवा जमिनीतून आत शिरलेले पाणी बाहेर पडण्याची वाट बंद झाल्यामुळे ते आतल्या बाजूला वळते. त्यात समुद्रकाठच्या शहरात हवेतून आणि वाळूतून आलेले क्षार असतात. पाणी जेथे उडते तेथे क्षारांचे स्फटिक होतात, आणि स्फटिक वाढताना विटेच्या व दगडाच्या सूक्ष्म छिद्रांना आतून रेटतात. सिमेंटचा थर मग पोपड्यांनी सुटतो आणि सुटताना विटेची पाठही सोबत घेऊन येतो. मालाडचा पिवळसर दगड किंवा पोरबंदरचा चुनखडक असलेल्या दर्शनी भागांवर तर हे फार लवकर घडते. कंत्राटदार पुन्हा सिमेंटच लावतो, यावेळी अधिक जाड.

हे मी विस्ताराने सांगतो आहे याचे कारण असे की, या शहरात जुन्या इमारतींवर खर्च झालाच नाही असे नाही. पुष्कळ ठिकाणी झालेला खर्चच घातक ठरला.

लोखंड फुगते तेव्हा

लाकडी तुळयांना आग आणि वाळवी यांची भीती, म्हणून गिरण्यांत आणि त्या काळच्या मोठ्या इमारतींत मजल्यांसाठी एक वेगळी रचना रूढ झाली. लोखंडी गर्डर काही फुटांच्या अंतराने समांतर ठेवायचे आणि दोन गर्डरांच्या खालच्या ओठांवर टेकवून विटांची उथळ कमान रचायची. कमानींच्या वर चुन्याचे काँक्रीट भरून सपाट कोबा करायचा. हिला जॅक आर्च म्हणतात. कमानीचा स्वभाव असा की ती आपला भार खाली तर देतेच, पण दोन्ही बाजूंना रेटतेही. शेजारच्या कमानीचा रेटा विरुद्ध दिशेने येतो आणि दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. शेवटच्या खणात लोखंडी सळ्यांनी गर्डर एकत्र आवळलेले असतात.

गर्डरचा खालचा ओठ सदोदित ओलसर राहिला तर तो गंजतो, आणि गंज हा मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. लोखंड कमी होते आणि आकार मात्र वाढतो, त्यामुळे टेकलेल्या विटा उचलल्या जातात, सांधे उघडतात, कमान सैल होते. एवढे होऊनही मजला वर्षानुवर्षे उभा राहतो, कारण शेजारच्या कमानी त्याचा भार सोसत असतात. अशा स्थितीत खालच्या मजल्यावरील गाळेवाल्याने दुकान मोठे करण्यासाठी एखादी भिंत काढली, किंवा एकच खण खाली आला, तर शेजारच्या खणाचा रेटा अकस्मात एकतर्फी होतो, तो खण ढळतो, त्याच्या पुढचाही ढळतो. वर्षानुवर्षे झिजणारी इमारत एका मिनिटात का कोसळते, याचे उत्तर पुष्कळ वेळा या परस्परावलंबनात असते. लोक म्हणतात, काल तर धड होती. कालही ती धड नव्हती, फक्त तोललेली होती.

मोरीचा कोपरा

गिरणीबरोबर चाळीचाही विचार करावा लागतो, कारण गिरणगाव या दोहोंनी मिळून झाले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधार विभागाने, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, आणि १९२० नंतरच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने सरकारी चाळी बांधल्या. दुसऱ्या खात्याच्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील २०७ इमारतींना आपण बीडीडी चाळी म्हणतो. या चाळी काँक्रीटच्या आहेत. पण खाजगी मालकांच्या बहुतेक जुन्या चाळी सागवानी चौकटीच्या, मध्ये विटांची भरणी आणि वर मंगळुरी कौले अशा.

सागवानी चौकटीची चाळ तपासायची असेल तर जाणता मिस्त्री प्रथम मोरी पाहतो. खोलीच्या कोपऱ्यात तीन फूट लांबी-रुंदीची, दगडी लादीची, पिढ्यान्‌पिढ्या आंघोळी आणि भांडी जिच्यावर झाली अशी मोरी. तिच्या खाली तुळईचे टोक भिंतीत शिरलेले असते. सागवान उघड्यावर शंभर वर्षे टिकते, पण भिंतीत गाडलेले टोक हवा न लागता ओले राहिले तर ते कुजते. तुळईचे पंधरा फूट शाबूत आणि शेवटचे नऊ इंच भुसा झालेले, असे अनेक जागी आढळते. मिस्त्री छोटा हातोडा त्या टोकावर हलकेच मारतो; शाबूत लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द. अशा जागी कुजलेला भाग कापून नवे सागवानी टोक सांधणे किंवा लोखंडी पट्ट्यांनी जोडणे हे काम थोडक्या खर्चात होते. परंतु व्यवहारात बहुधा खालून टेकू लावला जातो, आणि तात्पुरता म्हणून लावलेला टेकू पुढे कायमचा होतो. त्याच्यावर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले जातात, मुले त्याच्याभोवती खेळतात, आणि वर मोरीचे पाणी गळतच राहते. दरम्यान वरच्या मजल्यांवर कोब्यावर लादी, लादीवर पुन्हा लादी, पोटमाळे आणि पाण्याच्या टाक्या यांचा बोजा वाढत जातो.

येथे तपासणीच्या पद्धतीविषयीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची रचनात्मक तपासणी मुंबईत कायद्याने सक्तीची आहे, आणि ‘सी-१’ हा शेरा बसला म्हणजे ती अतिधोकादायक ठरून रिकामी करण्याची नोटीस निघते. पण या तपासणीत सर्रास वापरली जाणारी साधने, पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारा हातोडा किंवा ध्वनिलहरींचे यंत्र, मुळात काँक्रीटसाठी बनवलेली आहेत. चुन्याच्या भिंतीला आणि सागवानी चौकटीला त्यांची मोजपट्टी लागू पडत नाही. लाकूड आणि चुना यांची पारख असलेला अभियंता नसेल, तर दुरुस्त होण्याजोगी चाळ पाडण्यायोग्य ठरण्याचा, आणि खरोखर धोक्याची चाळ सुटून जाण्याचा, असा दुहेरी संभव राहतो.

गोठलेले भाडे

मोरीची दुरुस्ती थोडक्या खर्चात होते, तर मालक ती का करीत नाही? १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी साधारणतः १९४० सालच्या पातळीवर रोखून धरली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला बेदखल होण्यापासून वाचवण्याचा तो उपाय होता, आणि तो त्या वेळी न्याय्यच होता. पण महागाई वाढत गेली आणि भाडे मात्र तेथेच राहिले, त्यामुळे साऱ्या चाळीच्या वर्षाच्या भाड्यात छपराची कौले बदलणेही मालकाला अशक्य झाले. इमारतीतून मिळण्यासारखे असे काही उरले नाही. मूल्य उरले ते तिच्या खालच्या जमिनीला. तेव्हापासून इमारत पडणे हे मालकाच्या नुकसानीचे राहिले नाही.

सरकारने १९६९ साली कायदा करून अशा इमारतींवर उपकर बसवला आणि त्या पैशातून दुरुस्ती करण्यासाठी मंडळ नेमले. त्या वेळी उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. मंडळाने हजारो इमारतींची दुरुस्ती केली हे मान्य केलेच पाहिजे. तथापि दर चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा ठरलेली, आणि त्या मर्यादेत बसते ते बहुधा सिमेंट आणि टेकू. मर्यादेबाहेर गेलेली इमारत पुनर्बांधणीच्या वाटेला लागते. पुनर्बांधणीच्या नियमात विकासकाला जादा चटईक्षेत्र मिळते. मुंबई बेटावर सर्वसाधारण निवासी भूखंडाचा मूळ निर्देशांक १.३३ आहे, म्हणजे हजार चौरस फुटांच्या जमिनीवर १,३३० चौरस फूट बांधकाम. उपकरप्राप्त इमारत पाडून बांधली तर तो ३ किंवा त्याहूनही अधिक होतो. भाडेकरूंना मोफत घर देऊन उरलेले क्षेत्र बाजारभावाने विकता येते.

भाडेकरूला दोष देण्याचा विचारही माझ्या मनात नाही. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत, सामाईक संडासासमोर रांग लावीत ज्यांनी तीन पिढ्या काढल्या, त्यांना ५०० चौरस फुटांचे स्वतःचे घर मिळत असेल तर त्यांनी ते घ्यावे. चाळीचे प्रेम आपण लेखात करतो. पाणी चौथ्या मजल्यावर त्यांना चढवावे लागते. वारसा जपण्याची किंमत जे सर्वांत कमी सोसू शकतात त्यांच्याकडून वसूल करणारी कोणतीही योजना मला मान्य नाही. प्रश्न असा आहे की, चांगले घर आणि उभी इमारत या दोन गोष्टी एकत्र घडवून आणणारा हिशेब आपल्या नियमांत मांडलेलाच नाही.

एका कलमाने काय केले

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी सुरू केलेला संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. अनेक गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, आणि ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या ऐन मध्यभागी मोकळी होण्याच्या वाटेवर आली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीसाठी एक तोड काढली: ढोबळ मानाने एक तृतीयांश महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी, आणि एक तृतीयांश मालकाला. त्याचा परिणाम अनपेक्षित झाला. शेडी पाडून सारी जमीन विकासाला काढली तर दोन तृतीयांश द्यावे लागणार, म्हणून पुष्कळ मालकांनी शेडी पाडल्याच नाहीत. त्यांतच कार्यालये, छापखाने, दुकाने आणली. इमारती वाचल्या, पण त्या वारशाच्या प्रेमाने नव्हे. आणि शहराच्या पदरात मैदान किंवा कामगारांच्या पदरात घर असेही फारसे पडले नाही. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गिरण्यांच्या जमिनीचा सलग, एकत्रित आराखडा करण्याची दिशा दाखवली होती. ती हाती घेतली गेली नाही.

२००१ साली नियम बदलला. गिरण्यांना कामगारांची देणी भागवता यावीत हा त्यामागचा सांगितलेला हेतू. नव्या शब्दरचनेनुसार वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. इमारत पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून वगळली, आणि पाडलेल्या इमारतीचे जेवढे बांधीव क्षेत्र तेवढे पुन्हा बांधण्याचा हक्क मालकाकडे राहिला.

एका कल्पित गिरणीचा हिशेब मांडून पाहू. जमीन १५ एकर. त्यांपैकी १२ एकरांवर शेडी, ३ एकर मोकळे. जुन्या वाटणीने सारी गिरणी विकासाला काढली तर शहर आणि म्हाडा यांना मिळून सुमारे १० एकर मिळाले असते. नव्या वाटणीने ३ एकरांचे दोन तृतीयांश, म्हणजे २ एकर. मालकाकडे १३ एकर राहतात आणि त्यांतील १२ एकर रिकामे करण्यात आता कोणताच तोटा नाही. ज्या शेडीने आधी मालकाला वाटणीपासून वाचवले होते, तीच आता त्याच्या वाटेतील शेवटची अडचण झाली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने पाडून मोकळी झालेली जमीनही वाटणीत धरावी असा निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ चा नियम कायम केला. दरम्यान २००५ सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७.५ एकर जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती. एवढ्या मोलाच्या जमिनीवर एकमजली शेड कोण राहू देणार?

चिमणीच्या कोड्याचे उत्तरही येथेच आहे. तिच्या पायाखाली अडकलेली जमीन इतकी थोडी असते की ती पाडून मिळत काहीच नाही. उलट फिनिक्स मिलच्या आवारातल्यासारखी ती बाजारपेठेची खूण म्हणून मिरवता येते.

> थोडक्यात: इमारत कशी जाते
>
> छपराची निगा थांबते आणि पाणी आत शिरते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढवल्याने ते पाणी कोंडते. कोंडलेल्या ओलीने लोखंड फुगते, तुळयांची टोके कुजतात. गोठलेल्या भाड्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि जादा चटईक्षेत्रामुळे पाडणे फायद्याचे होते. गिरण्यांच्या बाबतीत २००१ च्या नियमाने पाडण्याला उरलेला अटकावही काढून घेतला.

यादीत नाव असणे

१९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली अमलात आली आणि सुमारे सहाशे वास्तू व परिसर श्रेणी १, २-अ, २-ब आणि ३ अशा वर्गांत सूचीबद्ध झाले. पहिल्या श्रेणीच्या वास्तूत कसलाही बदल जवळजवळ निषिद्ध. तिसऱ्या श्रेणीत पुष्कळ मुभा. मालकाचे जे चटईक्षेत्र यामुळे बुडते त्याचा मोबदला हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने, म्हणजे ते क्षेत्र दुसरीकडे बांधण्याचा किंवा विकण्याचा दाखला देऊन, भरून देण्याची तरतूदही आहे. तत्त्व उत्तम आहे. पण यादी करताना नजर गेली ती प्रामुख्याने कोटातल्या, म्हणजे फोर्ट भागातल्या, सरकारी, धार्मिक आणि व्यापारी वास्तूंवर. २००४ साली व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतालच्या गॉथिक व आर्ट डेको इमारती जागतिक वारशात गेल्या याचा आनंद आहेच. परंतु ज्या कापसाच्या पैशातून या शहराला हे वैभव परवडले, तो कापूस जेथे सूत झाला त्या शेडींपैकी फारच थोड्यांना सूचीचे संरक्षण लाभले. लालबागचे हनुमान थिएटर, जेथे तमाशाचे फड रंगत, ते गेले. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या जमिनीवरील भारतमाता चित्रपटगृहावर टांगती तलवार वर्षानुवर्षे राहिली.

उरलेले वाचवायचे तर

नियमात एक छोटा बदल पुष्कळ काही साधेल. पाडलेल्या शेडीचे बांधीव क्षेत्र पुन्हा बांधण्याचा हक्क मालकाला मिळतो. तोच हक्क शेड उभी ठेवून शेजारच्या मोकळ्या जमिनीवर वापरण्याची मुभा द्यावी, आणि पाडल्यास त्यात कपात करावी. हिशेब उलटला की वृत्ती उलटते, हे १९९१ नंतरच्या दहा वर्षांनी दाखवून दिले आहे. जुन्या शेडीचा नवा वापर करताना माणसांच्या सुरक्षिततेची हेळसांड मात्र होता कामा नये. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण गेले, त्याला शंभर वर्षांच्या भिंती नव्हे, तर आजचे ज्वालाग्राही आच्छादन आणि अपुऱ्या वाटा कारण झाल्या.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ येथे महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना हाती घेतली आहे. अशा संग्रहालयात रंगवलेली चित्रे आणि पाण्याची कारंजी यांपेक्षा करवती छप्पर, पोकळ खांब, जॅक आर्चचा मजला, दोरांच्या गतीची खोली आणि एखादा चालता साचा या वस्तू अधिक मोलाच्या आहेत, कारण गिरणी कशी चालत होती हे त्या इमारतीखेरीज दुसरे काहीच समजावून सांगू शकत नाही. ज्या साचेवाल्यांनी आणि जॉबरांनी, म्हणजे मुकादमांनी, त्या शेडींत आयुष्य काढले त्यांच्यापैकी अनेकजण अजून हयात आहेत. कोणत्या खांबाचे पाणी कोठे जाई आणि कोणता मजला कधी हादरे हे त्यांना ठाऊक आहे, तेव्हा मोजणीचे नकाशे काढताना त्यांना सोबत घ्यावे. आणि जो काही निधी मंजूर होईल त्यातला पहिला हप्ता दर्शनी रंगरंगोटीवर न घालता येत्या मृगाच्या आत छपराच्या पन्हळी मोकळ्या करण्यावर आणि भिंतींवरचे सिमेंट उतरवून तेथे पुन्हा घाणीचा चुना भरण्यावर खर्च व्हावा.